जो लीपहॉर्न आणि जिम ची: एकाच पोलिसदलातले दोन वेगळे डिटेक्टिव्ह

पुस्तकावर सही घ्यायला आलेल्या एका बाईंनी अमेरिकन रहस्यकथाकार टोनी हिलरमनला विचारलं होतं, "तुम्ही लीपहॉर्नचं नाव बदलून ची का केलंत?" तोवर हिलरमनने लीपहॉर्नच्या तीन आणि चीच्या तीन कादंबऱ्या लिहिल्या होत्या. ही दोन वेगळी माणसं आहेत हे एवढ्या आवडीने वाचणाऱ्या वाचकाला कळूच नये, हे त्याच्या वर्मी लागलं. मग दोघांना एकाच गोष्टीत समोरासमोर उभं करायचं त्याने ठरवलं आणि १९८६ साली 'स्किनवॉकर्स' आली. दोघांची पहिली एकत्र कादंबरी ती हीच.

त्या बाईंचा घोटाळा समजण्यासारखा आहे. दोघंही नवाहो या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमातीतले, दोघंही नवाहो ट्रायबल पोलिसमध्ये, दोघांनीही विद्यापीठात मानववंशशास्त्राचा अभ्यास केलेला. प्रदेशही तोच. अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेलं नवाहो नेशन, म्हणजे नवाहोंचा स्वतःचा राखीव प्रदेश, साधारण ७० हजार चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव भागाहून थोडं कमी. वस्ती अगदी विरळ. एका साक्षीदाराशी बोलायचं तर दोघांनाही कच्च्या रस्त्यांवरून तासन्‌तास गाडी हाकावी लागते. तिथे पोचल्यावरही लगेच दार ठोठवायचं नसतं. गाडी थांबवून बसायचं, घरातल्यांना आपण आल्याचं दिसू द्यायचं, आणि कुणी दारात येऊन उभं राहिलं की मग उतरायचं. ही रीत दोघंही पाळतात. खुनाचा तपास कायद्याने एफबीआयकडे जातो, कारण १८८५ च्या कायद्याने आदिवासी भूमीवरचे गंभीर गुन्हे संघराज्याच्या अखत्यारीत नेले. त्यामुळे सूट घातलेली, नवाहो भाषेचा एक शब्द न येणारी माणसं येऊन प्रकरण ताब्यात घेतात. लीपहॉर्न असो वा ची, ही चीड दोघांच्याही वाट्याला येते.

साम्य मात्र इथपर्यंतच.

लीपहॉर्न आधी आला, १९७० च्या 'द ब्लेसिंग वे' मध्ये, आणि तोही जवळजवळ दुय्यम पात्र म्हणून. त्या पुस्तकाचा नायक खरं तर एक गोरा प्राध्यापक आहे. संपादकांनी सुचवल्यावर लीपहॉर्नचा भाग वाढवला गेला. (त्याआधी हिलरमनच्या एजंटने तर ते इंडियन, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं, सगळं काढून टाका, असाच सल्ला दिला होता. तो त्याने मानला नाही, हे आपलं नशीब.) मग 'डान्स हॉल ऑफ द डेड' आली. तिला १९७४ साली सर्वोत्कृष्ट कादंबरीचा एडगर हा रहस्यकथांसाठीचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर आली 'लिसनिंग वुमन'.

चीचा जन्म १९८० च्या 'पीपल ऑफ डार्कनेस' मधला. त्यामागे दोन कारणं होती आणि हिलरमनने दोन्ही मोकळेपणाने सांगितली. एक व्यवहाराचं: लीपहॉर्नचे टीव्हीसाठीचे हक्क विकले गेले होते. दुसरं लेखकाचं: डोक्यातल्या गोष्टीला तरुण, गोऱ्यांच्या जगाबद्दल कुतूहल असलेला आणि तरीही आपल्या परंपरेत घट्ट रुजलेला माणूस हवा होता. लीपहॉर्न त्यासाठी फार मुरलेला होता.

लीपहॉर्न म्हटलं की आधी आठवतो तो नवाहो नेशनची राजधानी असलेल्या विंडो रॉकमधल्या त्याच्या ऑफिसच्या भिंतीवरचा नकाशा. मोटार क्लबने छापलेला 'इंडियन कंट्री'चा हा नकाशा रंगीत टाचण्यांनी भरलेला आहे. चोरी, दारूची तस्करी, खून, चेटकाची कुजबूज, प्रत्येकासाठी वेगळी टाचणी. तो समोर उभा राहतो आणि बघत राहतो. योगायोगावर त्याचा विश्वास नाही. दोन टाचण्या जवळ आल्या तर त्यांना जोडणारं काहीतरी असणारच, ही त्याची खात्री. 'स्किनवॉकर्स'च्या सुरुवातीला त्या नकाशावर तीन खून आहेत, तिघांत काहीच समान नाही, आणि नेमकं तेच त्याला स्वस्थ बसू देत नाही. तरुण पोलिसांमध्ये त्याची दंतकथा झालेली आहे. त्याला मात्र घरी पोचायची ओढ असते, कारण घरी एम्मा आहे. लीपहॉर्न हा गुन्हेगारी कादंबऱ्यांमधल्या मोजक्या सुखी नवऱ्यांपैकी एक. एम्मा गोष्टी विसरू लागते आणि हा माणूस, ज्याला कुठलाही सुगावा सोडवत नाही, तो तिच्या लक्षणांकडे बघायला घाबरतो. मला हा लीपहॉर्न त्याच्या सगळ्या हुशार तर्कांपेक्षा जवळचा वाटतो.

ची राहतो शिपरॉकजवळ, सान हुआन नदीकाठी कॉटनवुडच्या झाडांखाली, एका जुनाट ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात. पत्रा इतका पातळ की बंदुकीचे छर्रे आरपार जावेत, आणि 'स्किनवॉकर्स'च्या पहिल्याच प्रकरणात ते जातातही. बाहेर राहणारं एक भटकं मांजर घाबरून आत येतं, त्या आवाजाने ची जागा होतो, म्हणून वाचतो. त्याला पोलिस राहायचंय आणि त्याच वेळी हाताली व्हायचंय, म्हणजे दिवसरात्र चालणारे उपचारविधी मुखोद्गत गाणारा गायक. शिकवणारा आहे त्याचा मामा, फ्रँक सॅम नाकाई. नवाहोंमध्ये कूळ आईकडून चालतं, त्यामुळे मामाच्या शब्दाला मोठं वजन. पहिल्याच कादंबरीत चीला एफबीआयमध्ये जायची संधी चालून आलेली असते आणि त्याचं मन दोन्हीकडे ओढलं जातं. पुढच्या प्रत्येक पुस्तकात ही ओढाताण वेगळ्या रूपात येते. मेरी लँडन ही गोरी शिक्षिका, मग जॅनेट पीट ही शहरात वाढलेली अर्धी नवाहो वकील, प्रत्येक वेळी प्रश्न तोच: राहायचं कुठे आणि कसं. 'सेक्रेड क्लाउन्स'मध्ये तर जॅनेटच्या वडिलांचं कूळ आपल्या कुळाशी कुठे जुळत तर नाही ना, या काळजीने ची जाणत्यांकडे चौकशी करत फिरतो.

दोघांच्या तपासातला फरक जवळून बघायचा तर १९८४ ची 'द घोस्टवे' घ्यावी. एका म्हाताऱ्याच्या होगानच्या, म्हणजे पारंपरिक नवाहो घराच्या, उत्तरेकडच्या भिंतीला भोक पाडलेलं आहे. म्हणजे आत कुणीतरी मेलंय, प्रेत तिथून बाहेर काढलंय आणि मृताची चिंडी, त्याच्यातला जो वाईट अंश मागे उरतो तो, आता त्या घरात आहे. अशा घरात नवाहो माणूस पाऊल टाकत नाही. चीसुद्धा बाहेर थबकतो. त्याचे पाय खरोखर अडतात. पुरलेल्या माणसाच्या पायांत मोकॅसिन, म्हणजे मऊ चामड्याचे जोडे, उलटसुलट घातलेले आहेत, चिंडीला माग काढता येऊ नये म्हणून. सगळं रीतसर. पण केस युक्का या वनस्पतीच्या फेसाने धुतलेले नाहीत. एफबीआयच्या माणसाला यात काहीच दिसलं नसतं. चीला कळतं की एवढं सगळं नीट करणारा म्हातारा हे विसरणार नाही, म्हणजे त्याला कुणीतरी अडवलं असणार. त्याला सुगावा सापडतो, कारण ते विधी त्याच्या स्वतःच्या आयुष्याचा भाग आहेत.

ही रीत लीपहॉर्नलाही ठाऊक असती. पण त्या भोकातून आत शिरायला तो क्षणभरही थांबला नसता.

चेटकाचा विषय निघाला की दोघं सगळ्यांत दूर जातात. लीपहॉर्न चेटूक मानत नाही, एवढंच नाही, त्या समजुतीचा तो मनापासून तिरस्कार करतो. नोकरीच्या सुरुवातीला अशी कुजबूज त्याच्या कानावर आली होती, त्याने ती हसण्यावारी नेली आणि त्यातून माणसं मारली गेली. तेव्हापासून त्याचा नियम असा: चेटूक खोटं, पण ते खरं मानणारा माणूस बंदूक उचलतो, म्हणून प्रत्येक अफवेची नोंद ठेवायची. चीच्या ट्रेलरमध्ये छर्ऱ्यांबरोबर हाडाचा एक बारीकसा मणी सापडतो. चेटक्या मेलेल्या माणसाच्या हाडाचा कण शत्रूच्या अंगात घालतो, आणि त्यातून सुटायचं तर ते हाड चेटक्यालाच परत करायचं, असा समज आहे. म्हणजे कुणीतरी चीलाच चेटक्या समजतंय. लीपहॉर्नला त्या मण्यात गुन्ह्याचा हेतू दिसतो. चीला हेतू दिसतोच, शिवाय अंगावर काटाही येतो.

यावरून लीपहॉर्न आधुनिक आणि ची पारंपरिक, असं सरळ लिहून टाकायची पद्धत आहे. ते मला पटत नाही. लीपहॉर्नला घटनांमध्ये सतत जी सुसंगती शोधायची असते, ती त्याने पोलिस प्रशिक्षणात उचललेली नाही. जगात प्रत्येक गोष्ट दुसरीशी बांधलेली आहे आणि माणसाने त्या बांधणीत ताल धरून जगावं, हा नवाहोंचा होझोचा विचार आहे. लीपहॉर्नने चेटूक आणि चिंडी सोडली, पण हा गाभा कधीच सोडला नाही. उलट ची विधी पाठ करतो आणि स्वतःच्या आयुष्यात तो ताल त्याला फार उशिरा सापडतो. वरिष्ठांचं न ऐकता भलतीकडेच गाडी वळवणं ही त्याची जुनी खोड. पोलिस आणि हाताली दोन्ही होता येणं शक्य नाही, असं लीपहॉर्नचं ठाम मत. हा पोरगा स्वप्नाळू आहे, असंच तो त्याच्याबद्दल म्हणतो.

म्हणून १९८८ ची 'अ थीफ ऑफ टाइम' मला या मालिकेतली सर्वांत मोठी कादंबरी वाटते. एम्मा शस्त्रक्रियेनंतर गेली आहे. लीपहॉर्नने राजीनामा दिलाय, रजा संपायची वाट बघतोय, आणि बेपत्ता झालेल्या एका संशोधक बाईचा शोध केवळ एम्माला तिची काळजी वाटली असती म्हणून घेतोय. शेवटी हाच लीपहॉर्न चीला विचारतो, माझ्यासाठी ब्लेसिंग वे, तो आशीर्वादाचा विधी, गाशील का? ज्याच्या गाण्याला त्याने वेडेपणा म्हटलं, त्याच्याकडेच तो ते मागतो. हाताली म्हणून चीला याहून मोठा मान मिळाला नसता.

पडद्यामुळे घोटाळ्यात भर पडलीय. २००२ ते २००४ मध्ये अमेरिकेच्या पीबीएस या सार्वजनिक टीव्ही वाहिनीवर आलेल्या तीन चित्रपटांत वेस स्टुडी लीपहॉर्न होता आणि अ‍ॅडम बीच ची. २०२२ पासूनच्या 'डार्क विंड्स' मालिकेत झान मॅक्लार्नन आणि कायोवा गॉर्डन आहेत. मालिका १९७० च्या दशकात घडते आणि ची तिथे एफबीआयचा माणूस म्हणून शिरतो. लीपहॉर्नच्या मुलाचा मृत्यू हा तिचा कणा आहे, पण पुस्तकांत ते दुःखच नाही. मॅक्लार्ननचं काम अप्रतिम आहे, तरी मालिका बघून पुस्तकांकडे वळणाऱ्याने ही दोन घरं वेगळी ठेवावीत.

हिलरमन स्वतः नवाहो नव्हता. ओक्लाहोमात वाढलेला, महायुद्धात जखमी झालेला, पुढे पत्रकार आणि मग अल्बुकर्कीत प्राध्यापक. नवाहोंनी १९८७ साली त्याला आपला खास मित्र म्हणून गौरवलं. बाहेरच्या माणसाने आमचे विधी कादंबरीत का मांडावेत, असा प्रश्नही नवाहोंमधूनच आला आणि तो रास्त आहे. त्याच्या पुस्तकांतले विधी ही एका आस्थेवाईक पाहुण्याने टिपलेली गोष्ट आहे, एवढं लक्षात ठेवून वाचावं.

२००८ मध्ये तो गेला. २०१३ पासून मुलगी अ‍ॅन हिलरमन मालिका पुढे नेतेय, आणि तिने केंद्रस्थानी आणलंय बर्नाडेट मॅन्युएलिटोला, चीच्या बायकोला, जी स्वतःही पोलिस आहे. सुरुवात कुठून करायची, असं कुणी विचारलं तर मी प्रकाशनाचा क्रम बाजूला ठेवून 'डान्स हॉल ऑफ द डेड', मग 'द घोस्टवे' आणि मग 'स्किनवॉकर्स' असं सांगेन. एकट्याने वावरणारे दोघं आधी भेटले की एकत्र आल्यावरची त्यांची धुसफूस जास्त कळते.