शंभर टक्के चार्ज म्हणजे शंभर टक्के बॅटरी नव्हे

जुनी इलेक्ट्रिक गाडी विकायला काढली की जाहिरातीत डॅशबोर्डचा फोटो हमखास असतो: चार्ज १०० टक्के, रेंज अमुक किलोमीटर. त्याखाली ‘बॅटरी एकदम शंभर टक्के’ असे बिनदिक्कत लिहिलेले असते आणि घेणाराही ते खरे मानून चालतो. चार्जची टक्केवारी आणि बॅटरीचे आरोग्य यांची ही गल्लत लाखो रुपयांच्या व्यवहारात इतक्या सर्रास होते की तिचा आता उबग आला आहे.

चार्जची टक्केवारी मोबाइलमुळे सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. बॅटरीचे आरोग्य म्हणजे नवी असताना तिच्यात जितकी वीज मावत होती, त्यापैकी आज किती मावते याचे प्रमाण. डॅशबोर्डवरचे शंभर टक्के हे आजच्या क्षमतेचे असतात, मूळ क्षमतेचे नव्हेत. गाळाने अर्धे भरलेले धरणही काठोकाठ भरले की ‘शंभर टक्के भरले’ असेच म्हटले जाते. पाणी मात्र निम्मेच असते.

रेंजचा आकडा तर आणखी फसवा आहे, कारण बऱ्याच गाड्यांत तो नुकत्याच झालेल्या प्रवासात किती वीज लागली त्यावरून काढलेला अंदाज असतो. लोणावळ्याहून खोपोलीला घाट उतरून आलेल्या गाडीत मोटारीने उतारावर वीज परत भरलेली असते, त्यामुळे तिथे रेंज फुगलेली दिसते. तीच गाडी वर चढवून आणली की आकडा झपाट्याने खाली येतो, आणि या सगळ्यात बॅटरीचे आरोग्य तसूभरही बदललेले नसते. ट्रायल घेताना जाणवणारा पिकअपही याबाबतीत निरुपयोगी आहे. बॅटरीची क्षमता दहा-पंधरा टक्क्यांनी घटली तरी गाडी जवळजवळ पूर्वीसारखीच झेपावते, म्हणून ‘मस्त पळते’ हा निर्वाळा ऐकून बयाणा देऊ नये.

आरोग्य तपासायचे तर वीज मोजावी. २०२० च्या जानेवारीत आलेली पहिली टाटा नेक्सॉन ईव्ही घ्या. तिची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत ३०.२ युनिटांची आहे. चार्ज २० टक्क्यांवर आणून, युनिट दाखवणाऱ्या मीटरवर रात्रभर स्लो चार्जिंगने १०० टक्क्यांपर्यंत न्यावा. समजा मीटरवर २४ युनिटे पडली आणि उष्णता वगैरेंत सुमारे १२ टक्के वाया गेली, तर बॅटरीत पोहोचली साधारण २१. हा ८० टक्क्यांचा हिशेब झाला, म्हणजे पूर्ण क्षमता साधारण २६ युनिटे आणि आरोग्य ८७ टक्क्यांच्या आसपास. छापील क्षमतेतली सगळी वीज वापरायला मिळत नसल्याने आणि वाया जाणारी वीज गाडीगणिक बदलत असल्याने उत्तर थोडे इकडेतिकडे होईल, तरीही डॅशबोर्डच्या फोटोपेक्षा ते कितीतरी विश्वासार्ह आहे. ओबीडी डोंगलने, म्हणजे गाडीच्या तपासणी-सॉकेटला जोडायच्या छोट्या उपकरणाने, बीएमएसमधला (बॅटरीवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेतला) आरोग्याचा आकडा वाचता आला तर तोही पाहावा; पण तोसुद्धा गाडीच्या संगणकाचा अंदाजच असतो, म्हणून मी मीटरला झुकते माप देतो.

या नेक्सॉनची कागदावरची ३१२ किलोमीटर रेंज ही ठरावीक चाचणीतली आहे, रस्त्यावर तेवढी धरूच नये.

कमी किलोमीटर झालेली पण न मोजलेली गाडी आणि जास्त पळालेली पण मोजून चांगली निघालेली गाडी, यांत मी नेहमी दुसरीच निवडेन. वय आणि ऊन यांनी बॅटरी उभ्या गाडीतही झिजते. विकणारा एक रात्र मीटरवर चार्जिंग करू द्यायला तयार नसेल, तर सौदा तिथेच सोडावा. तयार असेल, तर उत्तर हाती आल्यावर बॅटरीच्या वॉरंटीचे कागद मागावेत: या नेक्सॉनला ती ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत होती. उरलेली वॉरंटी आपल्याला लागू होते का आणि किती क्षमता घटल्यावर बॅटरी बदलून मिळते, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्यावे.