जुनं, दुर्मीळ पिस्तूल घेताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

राजापूर, देवगड, सावंतवाडी, इकडे दापोली-गुहागर अशा सगळ्या पट्ट्यातून आमच्या रत्नागिरीच्या दुकानात माणसं येतात. कुणाला संग्रहासाठी जुनं पिस्तूल हवं असतं. कुणाच्या घरात ते आधीच असतं आणि त्याचं करायचं काय, हे ठरत नसतं. दोघांनाही आमचा पहिला प्रश्न एकच असतो : कागद कुठे आहे?

वस्तू बघण्याआधी कागद मागतो म्हणून काही जण नाराज होतात. पण कागद नसलेलं पिस्तूल तुम्हाला उघडपणे विकता येत नाही, मुलाच्या नावावर करता येत नाही, आणि पोलीस दारात आले तर ते कुठून आलं हे सांगता येत नाही. त्यापलीकडे, एखादं पिस्तूल खरोखर दुर्मीळ आहे की नाही हे ठरवायला त्याचा प्रवास माहीत असावा लागतो, आणि तो प्रवास जुना परवाना, खरेदीची पावती, वारसनोंद यांतच सापडतो. निवडणुकीच्या वेळी शस्त्र पोलीस ठाण्यात जमा केल्याच्या पावत्या बरेच लोक फेकून देतात. त्या टाकू नका. एकाच क्रमांकाचं पिस्तूल एकाच घरात वर्षानुवर्षं होतं, याचा त्याहून साधा आणि पक्का पुरावा आम्हाला माहीत नाही.

कायदा काय म्हणतो

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बार काढता येईल असं कोणतंही पिस्तूल बाळगायला परवाना लागतो. तो जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपल्याकडे जिल्हाधिकारी देतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली, पण एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली. कोकणातल्या माणसासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. रानडुक्कर-माकडांपासून शेती वाचवायला ज्यांनी बंदूक घेतलेली आहे, त्यांची एक जागा तिथेच भरलेली असते. राहते एक. ती कोणत्या पिस्तुलाला द्यायची, हे नीट विचार करून ठरवा.

“घोडा मोडलाय, आता त्याला परवाना कशाला?” हे आम्ही फार ऐकतो. कायद्याच्या ४५व्या कलमात जुन्या घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे खरी. पण ती सूट फक्त दुरुस्त करूनही ज्याचा बार निघणार नाही अशा शस्त्राला आहे. मोडका घोडा चांगला कारागीर बसवून देतो. त्यामुळे नुसता घोडा मोडल्याने पिस्तूल कायद्याबाहेर जात नाही.

२०२०मध्ये नियमांत बदल झाला आणि पुरातन संग्राह्य वस्तूंच्या वर्गात मोडणारी लहान शस्त्रं (पिस्तुलासारखी, एका माणसाने हाताळायची) भारतीय नागरिकाला घ्यायला आणि घरात ठेवायला परवान्याची गरज नाही, असं स्पष्ट झालं. संग्राहकांना या बदलाचा मोठा आधार आहे. मात्र अशा पिस्तुलाचा वापर करायला, ते बरोबर बाळगून फिरायला किंवा एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायला परवाना लागतोच. म्हणजे साताऱ्याच्या कुणाकडून घेतलेलं पिस्तूल गाडीच्या डिकीत टाकून आंबा घाट उतरायचं नाही. आणि तुमच्या हातातली वस्तू त्या वर्गात बसते की नाही, हे विकणाऱ्याने सांगायचं नसतं, आम्हीही सांगायचं नसतं. परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून ते लेखी घ्या, मगच पैसे द्या. या एका कागदासाठी थांबावं लागलं तर थांबा.

वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२चा पुरावशेष कायदाही लागू होतो. अशा वस्तू विकण्याचा धंदा करणाऱ्याकडे त्याचा वेगळा परवाना असावा लागतो, आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या नातवाला पणजोबांचं पिस्तूल भेट म्हणून पाठवायचा बेत इथेच संपतो. आमच्याकडे शस्त्रविक्रीचा परवाना आहे, पुरावशेष विक्रीचा नाही. म्हणून शंभरीपुढची वस्तू आम्ही स्वतः विकत नाही. ती पारखून देतो आणि कागदपत्रं तपासून देतो.

विसाव्या शतकातल्या पिस्तुलांबाबत आणखी एक पाहा. ९ मिमी किंवा .३८ इंच यांसारखे बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची मापं, निषिद्ध वर्गात येतात. जिल्ह्यातून मिळणाऱ्या नेहमीच्या परवान्यावर ते घेता येत नाहीत, तो अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाचा आहे. साध्या परवान्यावर संग्रह करणारे बहुतेक जण .३२ बोअरकडे वळतात ते यामुळेच.

शोधायचं कुठे

परदेशातल्या लिलावांची छायाचित्रं घेऊन येणाऱ्यांना आम्ही सरळ सांगतो, तो नाद सोडा. १९८०च्या दशकात आयातीवर निर्बंध आले आणि खासगी माणसाला बाहेरून पिस्तूल मागवणं तेव्हापासून जवळजवळ बंद आहे. त्याआधी देशात आलेली वेब्ली अँड स्कॉट, वॉल्थर, कोल्ट, बेल्जियमची ब्राउनिंग, एवढाच काय तो साठा. तोच हातोहात फिरतो आहे, आणि या पिस्तुलांच्या किमती इथे इतक्या चढ्या असतात त्याचं कारणही हेच. युरोपात सामान्य समजलं जाणारं .३२ पिस्तूल इथे दुर्मीळ ठरतं. ते विकत घेताना पैसे टंचाईचे देता आहात की वस्तूच्या खऱ्या मोलाचे, हे स्वतःला विचारा.

चांगली वस्तू बहुतेक वेळा परवानाधारकाच्या घरातून किंवा विक्रेत्याकडे जमा असलेल्या शस्त्रांतून मिळते. परवानाधारक वारला, मुलांना शस्त्र नको आहे, पिस्तूल दुकानात जमा करून ठेवलं आहे, अशी प्रकरणं सगळ्या जिल्ह्यांत असतात. आपल्याला काय हवं ते विक्रेत्यांकडे नाव, बोअर, साधारण काळ यांसह लेखी नोंदवून ठेवा आणि धीर धरा. दोन परवानाधारकांमध्ये थेट व्यवहार होणार असेल तर विकणाऱ्याने खरेदीदाराचं नाव-पत्ता देऊन जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. “आज पैसे द्या, आज घेऊन जा” म्हणणाऱ्या माणसाकडून काहीही घेऊ नका.

गोष्ट आणि घडण

कोकणातल्या प्रत्येक जुन्या पिस्तुलाला एक गोष्ट चिकटलेली असते. आंग्र्यांच्या आरमारातलं, विजयदुर्गावरचं, पोर्तुगीज कप्तानाचं. या गोष्टींबद्दल आम्हाला आदर आहे, पण किंमत ठरवताना आम्ही पिस्तुलाचा चाप (म्हणजे घोडा ज्यावर बसतो ती बार उडवणारी यंत्रणा) आणि घोडा बघतो. कान्होजी आंग्रे १७२९मध्ये वारले. विजयदुर्ग इंग्रजांनी १७५६मध्ये घेतला. आणि ज्या पिस्तुलात घोडा तांब्याच्या छोट्या टोपीवर आपटून बार पेटतो, ती टोपी १८२०च्या दशकात वापरात आली. तेव्हा टोपीचं पिस्तूल कान्होजींच्या कमरेला असणं शक्य नाही, घरातल्या थोरांनी कितीही खात्रीने सांगितलं तरी. मात्र एक शक्यता तपासावी लागते. चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार पेटणारी, कितीतरी पिस्तुलं पुढे टोपीवर चालतील अशी बदलून घेतलेली आहेत. चापाच्या पट्टीवर जुनी, बुजवलेली भोकं दिसली तर पिस्तूल त्याच्या टोपीपेक्षा जुनं असू शकतं. अशी वस्तू सापडली की आम्हाला मनापासून आनंद होतो.

मोहोरा नीट वाचाव्यात. ईस्ट इंडिया कंपनीच्या चापावर मागच्या पायांवर उभा असलेला सिंह दिसतो. लंबगोलात ई-एल-जी अशी अक्षरं असतील तर नळीची चाचणी बेल्जियमच्या लिएज शहरात झालेली आहे, आणि त्या लंबगोलावर मुकुट असेल तर ती चाचणी १८९३ किंवा त्यानंतरची. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचं, नळ्या तपासून मोहोर मारणारं चाचणीगृह १८१३चं. म्हणजे तिथली मोहोर असलेलं पिस्तूल १७९०चं म्हणून कुणी विकत असेल, तर त्याच्याकडे त्याचं पटेल असं स्पष्टीकरण हवं.

सगळ्यात जास्त नक्कल होते ती जुन्या ब्रिटिश सरकारी शस्त्रांच्या चापावरचा ‘टॉवर’ हा शब्द आणि मुकुट यांची. शोभेसाठी घडवलेली चकमकीची पिस्तुलं बाजारात भरपूर आहेत. अक्षरं ओबडधोबड, स्क्रूचे आटे जाडेभरडे, लाकडावर सगळीकडे सारखाच काळपट रंग, आणि पितळी काम नळीपेक्षा जास्त झगमगीत, असं दिसलं की सावध व्हा. खऱ्या जुन्या वस्तूची झीज हात लागतो तिथे जास्त आणि खोबणीत कमी असते. डोळा तयार करायचा तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातली आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली शस्त्रं जाऊन बघा, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

विसाव्या शतकातल्या पिस्तुलात क्रमांक पाहायचे. सांगाडा, नळी आणि इतर भागांवरचे क्रमांक जुळत असतील तर मोल वाढतं. मूळ रंग अर्धा उडालेला असला तरी चालेल, नव्याने चढवलेला निळा मुलामा मात्र संग्राहकाला नको असतो.

माळ्यावर पिस्तूल सापडलं तर

कृपा करून ते पिशवीत घालून एसटीने आमच्याकडे आणू नका. जिथे आहे तिथेच ठेवा, मुलांना लांब ठेवा, फोटो काढा. ठासणीचं (नळीच्या तोंडातून दारू ठासायचं) असेल तर नळीत बार भरलेला आहे असंच धरून चाला. पूर्वी लोक भरून ठेवत आणि मग ते तसंच राहून जाई. काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यांनंतरही पेट घेते. नळीत काठी घालून खोली मोजायचं काम, तापवायचं किंवा गंज सोडवण्यासाठी ठोकायचं काम घरी करू नका. बिनकागदाच्या शस्त्राबद्दल पोलीस ठाण्याला लेखी कळवून ते रीतसर जमा करण्याची वाट आहे. अर्ज लिहायला आम्ही मदत करतो, त्याचे पैसे घेत नाही.

कागद असलेलं शस्त्र घरात आहे आणि मालकाचं वय झालं आहे, अशा कुटुंबांनी एक नियम लक्षात ठेवावा. मालकाने वयाची ७० वर्षं पूर्ण केली किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच वारसाचं नाव सुचवून त्याच्यासाठी परवाना मागू शकतो. मृत्यूनंतरच्या धावपळीपेक्षा हे कितीतरी सोपं.

खारी हवा

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि उरलेले महिने खारा वारा असतो. लोखंडाला दोन्ही वाईट. पिस्तूल चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षार लोखंड खातात. खोबरेल तेल लावू नका, ते कालांतराने खवट होऊन चिकटतं. हलकं यंत्रतेल मऊ कापडाने अगदी पातळ पुसावं. दसऱ्याला शस्त्रपूजन जरूर करा, पण ओलं गंध, हळद-कुंकू त्याच संध्याकाळी पुसून काढा आणि धातूवर तेलाचा हात फिरवा. वाळू, पॉलिश कागद, चिंच यांनी घासून चकचकीत केलेल्या पिस्तुलाचं मोल घासणाऱ्याच्या हातानेच गेलेलं असतं, ते परत आणता येत नाही.

पारख करून घ्यायची असेल तर आधी फोटो पाठवा : दोन्ही बाजू, चापाची पट्टी जवळून, नळीवरच्या सगळ्या मोहोरा, क्रमांक, आणि असतील तेवढे कागद. पारखीचं शुल्क ठरलेलं आहे, वस्तूच्या किमतीवर टक्केवारी आम्ही घेत नाही. गरज पडली तर तुमच्या घरी येऊन बघतो. पावसाळ्यात घाट आणि खाडीपलीकडचे रस्ते बेभरवशाचे असतात, म्हणून अशा भेटी शक्यतो दिवाळीनंतर ठरवाव्यात.