मूसाचा मनोरा आणि ‘ब्रॉख’ या शब्दाचा गुंता

स्कॉटलंडच्या उत्तरेला, शेटलंडमधल्या मूसा बेटावरचा लोहयुगीन मनोरा आजही सुमारे १३ मीटर उंच आहे. अशा गोल दगडी मनोऱ्यांना ‘ब्रॉख’ म्हणतात. चुना नाही, मातीचा गारा नाही, नुसता दगडावर दगड. कोकणातला गडगा आपल्या ओळखीचा, पण गडगा कमरेएवढा आणि हा चार मजली. युक्ती भिंतीच्या पोकळीत आहे. खाली जाडजूड असलेली भिंत वर दुहेरी होते, मधल्या फटीत आडव्या फरश्या टाकून दोन्ही पदर बांधलेले आणि त्याच फटीतून जिना वर चढतो. पोकळीमुळे वजन घटतं, म्हणून उंची पेलते. तिथला दगडही सपाट पापुद्र्यांनी सुटणारा, त्यामुळे घडाईची मेहनत वाचली. बाहेरचा व्यास १५ मीटर, आतली मोकळी जागा मात्र जेमतेम ६ मीटर.

खरा घोळ नावाचा. उत्तरेकडून आलेल्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या लोकांनी याला ‘बोर्ग’, म्हणजे किल्ला म्हटलं. त्यांच्या ‘सागा’ नावाच्या जुन्या गद्यकथांमध्ये हा ‘मोसेयारबोर्ग’ म्हणून येतो आणि ११५३ च्या सुमारास इथे पडलेल्या वेढ्याची हकीकतही त्यांत आहे. त्याच ‘बोर्ग’चं पुढे ‘ब्रॉख’ झालं. म्हणजे बांधणारे कधीच गेले होते आणि नाव ठेवलं हजारएक वर्षांनी आलेल्यांनी, तेही किल्ला समजून. १८८२ च्या स्मारक संरक्षण कायद्याच्या यादीत तर अशा काही वास्तू ‘पिक्ट मनोरे’ म्हणून नोंदल्या गेल्या. पिक्ट म्हणजे स्कॉटलंडमधले प्राचीन लोक, पण हे नाव लेखी सापडतं ते इ.स. २९७ मध्ये, मनोरे त्याच्या कितीतरी आधीचे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस काही अभ्यासकांनी ‘ब्रॉख’ बाजूला ठेवून ‘अटलांटिक गोलघर’ हा शब्द पुढे आणला. हेतू रास्त होता. पश्चिमेकडच्या अनेक मिळत्याजुळत्या वास्तूंना ‘डून’ म्हणतात, तेव्हा नुसत्या नावावरून जात ठरवू नये. पण त्या छत्रीखाली बुटकी साधी घरं आणि मूसासारखा मनोरा एकाच रांगेत बसले. दुसऱ्या बाजूने अट कडक केली, दुहेरी भिंत आणि जिना हवाच म्हटलं, तर पडझड झालेल्या बहुतेक जागा बाद होतात, कारण तिथे वरचा भाग उरलेलाच नाही. म्हणूनच एकूण ब्रॉख किती याचे आकडे शंभराच्या आसपासपासून पाचशेच्या वर जातात. माझ्या मते जुना शब्दच बरा. चुकीचा असला तरी कशाबद्दल बोलतोय ते कळतं.

काळाचा वादही बराच उशिरा सुटू लागला. हे मनोरे रोमनांच्या काळात दक्षिणेतून आलेल्या लोकांनी बांधले, असं दीर्घकाळ मानलं जाई. १९७५ मध्ये शेटलंडमध्येच विमानतळाजवळच्या रस्त्याचं काम चालू असताना ओल्ड स्कॅटनेसचा ब्रॉख उघडा पडला. पुढच्या उत्खननात त्याचं बांधकाम इ.स.पू. ४०० ते २०० मधलं ठरलं आणि दक्षिणेचं ते गणित कोलमडलं.

छप्पर होतं की नव्हतं, यावर अजून एकमत नाही.

मूसा, ओल्ड स्कॅटनेस आणि शेटलंडमधलीच यार्ल्सहॉफ ही प्राचीन वसाहत यांचा एकत्रित प्रस्ताव २०२३ मध्ये ब्रिटनच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत पुन्हा आला. त्याच्या शीर्षकात ‘लोहयुगीन शेटलंड’ आहे. ‘ब्रॉख’ नाही, पिक्टही नाहीत.