ग्रँट टर्नर आणि राल्फ एमरी: एकाच रेडिओवरचे दोन आवाज, दोन वेगळी कामं

अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओचा विषय निघाला की ग्रँट टर्नर आणि राल्फ एमरी ही दोन नावं हमखास एकमेकांत मिसळतात. त्याला कारणंही आहेत. दोघंही 650 एएमवर बोलायचे, दोघांच्याही नावामागे ‘डिस्क जॉकी’, म्हणजे रेडिओवर रेकॉर्ड लावून बोलणारा, असं लावलेलं सापडतं आणि दोघंही कंट्री म्युझिक (अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ग्रामीण गाण्यांतून आलेलं संगीत) हॉल ऑफ फेम या मानाच्या यादीत आहेत. टर्नर 1981 पासून, एमरी 2007 पासून. तरीही दोघांची कामं अगदी वेगळी होती. तो फरक लक्षात आला की कंट्री संगीताच्या व्यवसायात सूत्रं कोणाच्या हाती होती, हेही उलगडतं.

आधी स्टेशनबद्दल थोडं. एका विमा कंपनीने ऑक्टोबर 1925 मध्ये डब्ल्यूएसएम सुरू केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथे शनिवार रात्रीचा गाण्याबजावण्याचा कार्यक्रम सुरू झाला, तोच पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ झाला. 1932 पासून स्टेशनची ताकद 50,000 वॅट. एएमच्या लहरी रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परत खाली येतात, त्यामुळे अंधार पडला की नॅशव्हिलचा आवाज कित्येक राज्यं ओलांडून जायचा. टर्नर आणि एमरी दोघांची कीर्ती याच रात्रीच्या पल्ल्यावर उभी राहिली.

टर्नर मूळचे टेक्ससचे, जन्म 1912 चा. 6 जून 1944 रोजी, म्हणजे दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरलं त्याच दिवशी, ते डब्ल्यूएसएममध्ये रुजू झाले. पुढे ऑप्रीचा आवाज म्हणजे टर्नर, असं समीकरणच झालं. ऑप्रीच्या निवेदकाचं काम बाहेरून सोपं वाटतं. कार्यक्रम प्रायोजकांनुसार छोट्या भागांत विभागलेला असतो. एक गायक मंचावरून उतरतोय, दुसऱ्याचे वादक तारा जुळवतायत, समोर हजारो माणसं बसलेली, आणि तेवढ्या वेळात बाजूला उभ्या निवेदकाने पिठाची किंवा चॉकलेटची जाहिरात अशी वाचायची की घरी ऐकणाऱ्याला खंड जाणवू नये. पडदा वर गेला की गायकाचं नाव घ्यायचं आणि बाजूला व्हायचं. कोण गाणार, काय गाणार, हे त्याच्या हातात नसतं. टर्नर यांनी हे जवळजवळ 47 वर्षं केलं. 18 ऑक्टोबर 1991 च्या रात्री त्यांनी ऑप्रीचं निवेदन केलं आणि दुसऱ्या दिवशी ते गेले.

आता एमरी. जन्म 1933, टेनेसीतल्या मॅक्युएन या छोट्या गावात. किराणा दुकानात आणि सिनेमागृहात काम करून त्यांनी नॅशव्हिलच्या एका प्रसारण-शाळेची फी भरली. तिथे त्यांचे शिक्षक होते जॉन रिचबर्ग, जे डब्ल्यूएलएसी या नॅशव्हिलच्याच दुसऱ्या स्टेशनवर रात्री रिदम अँड ब्लूज हे कृष्णवर्णीयांचं संगीत वाजवत आणि ‘जॉन आर’ या नावाने दक्षिणेत घराघरांत पोहोचले होते. 1957 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, एमरींना डब्ल्यूएसएमची रात्रपाळी मिळाली. ती त्यांनी 1972 पर्यंत सांभाळली.

रात्रपाळी म्हटलं की कोपऱ्यात टाकलेली नोकरी वाटते, पण इथे उलट होतं. रात्रभर महामार्गावर असलेले ट्रकचालक, पाळीवरचे कामगार, झोप न येणारी माणसं असा प्रचंड श्रोतृवर्ग, आणि समोर प्रेक्षक नसल्यामुळे घाई नाही. कार्यक्रम आटोपलेले गायक थेट स्टुडिओत येऊन बसत. कंट्री गायक मार्टी रॉबिन्स तर न कळवता यायचे, पियानोवर बसायचे आणि मनात येईल ते गायचे. एमरी मध्येच एखादा प्रश्न टाकत आणि गप्प राहून ऐकत. गायकाला बोलतं करण्याची ही हातोटी मला त्यांच्या रेकॉर्ड निवडण्याच्या जाणकारीपेक्षाही मोठी वाटते. कंट्रीतले कितीतरी कलाकार श्रोत्यांना माणूस म्हणून कळले ते या गप्पांतून.

गोंधळ वाढवणाऱ्या काही गोष्टी खऱ्याच आहेत. 1961 ते 1964 या काळात एमरी ऑप्रीचं निवेदनही करत होते. डिस्क जॉकींसाठीच्या खास हॉल ऑफ फेममध्ये मात्र निवेदक म्हणून गाजलेले टर्नर आधी पोहोचले, 1975 च्या पहिल्याच तुकडीत. एमरींचा नंबर 1989 मध्ये लागला. भर म्हणून 1961 मध्ये एमरींचं स्वतःचं ‘हॅलो फूल’ हे गाणं कंट्रीच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. ते गायक फॅरन यंगच्या ‘हॅलो वॉल्स’ या गाण्याला दिलेलं उत्तर होतं.

दोन्ही कामांतला फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो 1968 च्या मार्चमध्ये. कॅलिफोर्नियाचा द बर्ड्स हा रॉक गट कंट्री अल्बम करायला नॅशव्हिलला आला होता. ऑप्रीच्या मंचावर गटातल्या ग्रॅम पार्सन्सने ठरलेलं गाणं सोडून भलतंच गायलं. व्यवस्थापन चिडलं, पण गाणं लोकांपर्यंत गेलंच. मंचावर निवेदक कोणाला अडवू शकत नाही. याच दौऱ्यात बर्ड्स एमरींच्या स्टुडिओत गेले आणि तिथे सगळा डाव एमरींच्या हातात होता. त्यांनी लांब केसांच्या या पोरांना थंडपणे, तुच्छतेनेच वागवलं. गटाचे रॉजर मॅग्विन आणि पार्सन्स यांनी त्याचा राग एका बोचऱ्या गाण्यात काढला, ते पुढच्या वर्षी बर्ड्सच्या अल्बमवर आलं. एमरींबद्दल मला आदर आहे, पण इथे ते चुकलेच. कंट्रीचं दार कोणासाठी उघडायचं हे एका माणसाच्या आवडीनिवडीवर ठरू लागलं, तर नवं काही आत येणार कुठून?

डिस्क जॉकीच्या या ताकदीची जाणीव व्यवसायाला फार आधीपासून होती. ऑप्रीच्या वाढदिवसाला डब्ल्यूएसएम देशभरच्या डीजेंना, म्हणजे डिस्क जॉकींना, नॅशव्हिलला बोलवायचं. त्या मेळाव्यांतून 1953 मध्ये डीजेंची संघटना उभी राहिली आणि तिच्याच जागी 1958 मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशन आली. आज ज्या संस्थेचे पुरस्कार जगभर पाहिले जातात, तिचं मूळ रेकॉर्ड लावणाऱ्यांच्या बैठकीत आहे.

एमरी पुढे टीव्हीवर गेले. 1983 ते 1993 ‘नॅशव्हिल नाऊ’ हा त्यांचा रोजचा कार्यक्रम केबलवर चालला आणि त्यातही त्यांनी रेडिओवरच्या त्याच गप्पा केल्या. 2022 च्या जानेवारीत त्यांचं निधन झालं. डब्ल्यूएसएम 650 वर आजही चालू आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागात राहणाऱ्या मराठी मंडळींनी शनिवारी रात्री गाडीचा रेडिओ एएमवर लावून पाहावा: ऑप्री लागली, तर दोन गाण्यांच्या मधल्या निवेदकाकडे कान द्या, टर्नर करायचे ते काम नेमकं काय होतं, ते तिथे ऐकू येतं.