कॉम्प्युटर ग्राफिक्स व गेम डिझाइनचे शालेय शिक्षण (ग्रामीण विदर्भ)

संगणकावर चित्र कसे तयार होते, ते कसे हलते आणि त्यातून खेळ कसा रचायचा, हे आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना शिकवण्याची पद्धत. खेड्यातल्या शाळेत हा विषय गणिताला जोडून घेतला तरच तगतो. जोड आयतीच आहे : राज्य मंडळाच्या नववीच्या गणित भाग २ मध्ये निर्देशक भूमिती व त्रिकोणमिती ही प्रकरणे लागोपाठ येतात.

सुरुवात आलेखाच्या कागदावर करावी. त्याला वीज लागत नाही आणि भारनियमनात तास बुडत नाही. १६ × १६ चौकोनांत तान्ह्या पोळ्याचा (मुलांच्या पोळ्याचा) लाकडी बैल बसवायला दिला, की शिंगाला एक चौकोन द्यायचा की दोन, यावर वर्गात खरा वाद होतो. पिक्सेल, म्हणजे चित्राचा सर्वांत लहान ठिपका, काय असतो हे त्या वादातच कळते. संगणकावर प्रत्येक पिक्सेलचा रंग लाल, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या ० ते २५५ पातळ्यांनी ठरतो. त्यातून १,६७,७७,२१६ छटा मिळतात. लाल व हिरवा मिळून पिवळा होतो, हे रंगपेटी वापरलेल्या मुलांना आधी पटत नाही. पडद्यावर करून दाखवावे.

पुढचे साधन स्क्रॅच, म्हणजे सूचनांचे ठोकळे जोडून प्रोग्राम रचण्याचे सॉफ्टवेअर. अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबने ते २००७ मध्ये सर्वांसाठी खुले केले. ते मोफत आहे आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते. त्याचा मंच ४८० × ३६० एककांचा असून आरंभबिंदू मधोमध असतो. त्यामुळे ऋण निर्देशकांना अर्थ येतो : बैल डावीकडे न्यायचा तर एक्स (आडवा निर्देशक) कमी करावाच लागतो.

खेळाची रचना गावातल्या खेळापासून सुरू करणे सर्वांत फलदायी. विटीदांडूत विटी उडते त्या क्षणी तिचा उभा वेग १२ धरा. संगणक त्याच सूचना पुन्हा पुन्हा चालवतो, त्या प्रत्येक फेरीत वायमध्ये (उभ्या निर्देशकात) तो वेग मिळवायचा, मग वेगातून १ वजा करायचा. विटी १२ + ११ + … + १ म्हणजे ७८ एकके वर जाते आणि आपोआप खाली वळते. ‘वजा १’ हेच इथले गुरुत्वाकर्षण. ते वजा अर्धा केले की विटी तरंगल्यासारखी उडते. असा बदल मुलांनी स्वतः करून पाहणे कोणत्याही व्याख्येपेक्षा मोलाचे. डाव कधी जातो, गुण कसे मोजायचे, हे नियम मात्र संगणकाला हात लावण्याआधी वहीत लिहून घ्यावेत.

एका संगणकावर तिघे-चौघे बसतात तेथे माउस ठरल्या वेळी पुढच्याकडे द्यावा, नाहीतर मुली बघत राहतात. संगणक नसेल तर अँड्रॉइड फोनवर पॉकेट कोड हे स्क्रॅचसारखे ॲप चालते. ते ऑस्ट्रियातील ग्राट्स तंत्र विद्यापीठात विकसित झाले. चित्रांसाठी गिंप व इंकस्केप मोफत आहेत. मे महिन्यातील शिबिरे इथल्या उन्हात जमत नाहीत. दिवाळीची सुटी बरी. खेळातील संवाद वऱ्हाडीत आणि मेळघाटात कोरकूत मुलांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करता येतात.

तयार खेळ सातवीच्या मुलांना खेळायला द्यावा. रचणाऱ्याने मागे उभे राहून काहीही न सांगता बघायचे, आणि खेळणारा कुठे अडतो ते टिपून त्या जागी नियम किंवा चित्र बदलायचे.