पोलंडच्या राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी: कोण उभं राहू शकतं, कागदपत्रं कोणती

पोलंडमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची पुढची निवडणूक 2030 मध्ये आहे. कारोल नावरोत्स्की यांनी 6 ऑगस्ट 2025 रोजी शपथ घेतली आणि ही मुदत पाच वर्षांची असते. मुदत संपायच्या आधी 100 ते 75 दिवस या काळात, तेही सुट्टीच्या दिवशी, मतदान घ्यावं असं तिथली राज्यघटना सांगते. हिशेब केला तर तारीख साधारण एप्रिलअखेर ते मेच्या तिसऱ्या आठवड्यात येते. ती जाहीर करण्याचा अधिकार सेयमच्या, म्हणजे तिथल्या कनिष्ठ सभागृहाच्या, सभापतींचा आहे.

पात्रतेच्या अटी मोजक्या आहेत. उमेदवार पोलिश नागरिक हवा, मतदानाच्या दिवसापर्यंत त्याला 35 वर्षं पूर्ण हवीत आणि मतदानाचा हक्क शाबूत हवा. वयाची अट आपल्या राष्ट्रपतिपदासारखीच आहे. जाणूनबुजून केलेल्या, सरकारी फिर्यादीच्या गुन्ह्यात तुरुंगवासाची अंतिम शिक्षा झालेल्याला उभं राहता येत नाही. एका व्यक्तीला हे पद जास्तीत जास्त दोनदाच मिळतं. त्यामुळे आन्द्झेय दुदा आणि अलेक्सान्देर क्वाश्न्येव्स्की यांची नावं 2030 च्या यादीत येऊच शकत नाहीत. नावरोत्स्की मात्र पुन्हा उभे राहू शकतात. एकच मुदत भोगलेले लेख वावेन्सा आणि ब्रोनिस्वाव कोमोरोव्स्की यांनाही कायद्याने अडवलेलं नाही.

खरी चाळणी पुढे आहे, ती सह्यांची. आपल्याकडे राष्ट्रपतिपदासाठी 50 सूचक, 50 अनुमोदक आणि 15,000 रुपये अनामत लागते, आणि सूचक-अनुमोदक हे खासदार-आमदारच असतात. पोलंडमध्ये अनामत नाही, पण किमान 1,00,000 मतदारांच्या सह्या लागतात. ही पद्धत मला मनापासून पटते. पैसा असो वा नसो, आधी लाखभर लोकांसमोर जाऊन उभं राहावंच लागतं.

उमेदवार कितीही मोठ्या पक्षाचा असला तरी कागदोपत्री अर्ज पक्षाचा नसतो. किमान 15 नागरिक मिळून निवडणूक समिती स्थापन करतात आणि दोन प्रतिनिधी नेमतात: एक निवडणुकीच्या कामासाठी, दुसरा पैशांच्या व्यवहारासाठी. पहिल्या 1,000 सह्या जमल्या की समितीची नोंद राज्य निवडणूक आयोगाकडे करायची. हा आयोग वॉर्सात आहे. पुढे उमेदवाराच्या अर्जासोबत बाकीच्या सह्या द्यायच्या. 2025 मध्ये 18 मेच्या मतदानासाठी समितीची मुदत 24 मार्चला आणि उमेदवारी अर्जाची 4 एप्रिलला दुपारी चार वाजता संपली.

एवढ्या थोड्या दिवसांत लाख सह्या होतात का? होतात. 2020 मध्ये मे महिन्यातलं मतदान होऊ शकलं नाही, नवी तारीख लागली आणि राफाउ त्शास्कोव्स्की ऐनवेळी रिंगणात उतरले. त्यांच्याकडे जेमतेम आठवडा होता. तेवढ्यात त्यांच्या लोकांनी 16 लाखांहून जास्त सह्या जमवल्या.

सहीचा तक्ता नीट पाहण्यासारखा असतो. प्रत्येक पानावर उमेदवाराचं नाव, खाली ओळींत सही करणाऱ्याचं नाव, पत्ता, पेसेल क्रमांक आणि स्वहस्ताक्षरातली सही. पेसेल हा 11 अंकी ओळख क्रमांक. त्याचे पहिले सहा अंक म्हणजे जन्मतारीख: वर्ष, महिना, दिवस. 2000 पासून पुढे जन्मलेल्यांच्या महिन्यात 20 मिळवतात, म्हणून 3 मे 2001 चा जन्म असेल तर सुरुवात 012503 अशी होते. सही करणारा 18 वर्षांचा आहे की नाही, हे तपासणाऱ्याला त्या आकड्यावरूनच कळतं. एक मतदार एकाहून जास्त उमेदवारांसाठी सही करू शकतो, पण दिलेली सही मागे घेता येत नाही. सही घेताना दबाव आणायला कायद्याने मनाई आहे.

व्रोत्सवाफ, क्राकूव्ह, वॉर्सात नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या आपल्या मंडळींनी इथे जपावं. पेसेल क्रमांक परदेशी रहिवाशांनाही मिळतो. तो हातात आहे म्हणून सहीचा हक्क मिळत नाही, निवास परवान्यानेही नाही. चौकातल्या टेबलावर कुणी आग्रहाने पेन पुढे केलं तरी आपण पोलिश नागरिक नाही, एवढं सांगून निघावं. तुमची सही बाद होईल आणि त्या उमेदवाराचीच एक सही कमी होईल. प्रचारासाठी देणगीही देऊ नका, परदेशी नागरिकाचे पैसे समितीला घेता येत नाहीत.

अर्जासोबत सह्यांच्या तक्त्यांशिवाय उमेदवाराची लेखी संमती जोडावी लागते. तिच्यात नाव, आईवडिलांची नावं, जन्मतारीख व जन्मस्थळ, नागरिकत्व, पत्ता, पेसेल, पक्षाचं सदस्यत्व, तारीख आणि सही असते. 1 ऑगस्ट 1972 च्या आधी जन्मलेल्यांना आणखी एक निवेदन द्यावं लागतं: 22 जुलै 1944 ते 31 जुलै 1990 या काळात आपण कम्युनिस्ट राजवटीच्या सुरक्षा यंत्रणेत काम केलं होतं का, तिच्याशी सहकार्य केलं होतं का. काम केलं होतं असं लिहिलं तरी उमेदवारी जात नाही, मतदारांना ते कळवलं जातं. त्या काळात शेजाऱ्याने शेजाऱ्यावर पाळत ठेवली होती. म्हणून हा एक कागद मला सगळ्यांत वजनदार वाटतो.

आयोगाने नोंदणी नाकारली तर सर्वोच्च न्यायालयात तक्रार करता येते, पण त्यासाठी दिवस अगदी थोडे मिळतात. नोंदणी झालेली नावं मतपत्रिकेवर आडनावाच्या पोलिश वर्णक्रमाने छापतात. 2025 मध्ये अशी 13 नावं होती. पहिलं बार्तोशेविच यांचं, शेवटचं झांदबेर्ग यांचं.