लाईन गेलेलं गाव वरून दिसतं का?

मे महिन्यात दुपार कलली की वादळ सुटतं, 11 केव्हीच्या तारांवर बाभूळ कोसळते आणि पाच-सहा गावांची लाईन एकदम जाते. हा अंधार उपग्रहाला दिसतो का? तालुक्याच्या ठिकाणाचा दिसतो. लहान गावाचा क्वचितच.

सुओमी एनपीपी आणि नोआ-20 हे उपग्रह सुमारे 830 किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांच्यावरचा व्हीआयआयआरएस कॅमेरा रात्रीचा मंद उजेड टिपतो. सप्टेंबर 2017 मध्ये ‘मारिया’ चक्रीवादळाने पोर्तो रिकोची आणि मे 2019 मध्ये ‘फनी’ने भुवनेश्वर-कटकची वीज घालवली, तेव्हा अंधाराचे नकाशे याच कॅमेऱ्यावरून निघाले.

नासाच्या ‘ब्लॅक मार्बल’ या रात्रीच्या उजेडाच्या संचातली व्हीएनपी46ए2 ही रोजची फाईल घ्यावी. खातं उघडलं की ती फुकट मिळते आणि चंद्रप्रकाश त्यातून आधीच वजा केलेला असतो. फायली 10 अंशांच्या चौकोनांत असतात, आणि विदर्भ नेमका सांध्यावर येतो: यवतमाळ एच25व्ही06 या क्रमांकाच्या चौकोनामध्ये, 20 अंश अक्षांशाच्या जेमतेम खाली असलेलं चंद्रपूर एच25व्ही07 मध्ये, तर गोंदिया एच26व्ही06 मध्ये.

वादळाआधीच्या महिन्यातल्या निरभ्र रात्रींवरून प्रत्येक चौकटीच्या (पिक्सेलच्या) उजेडाचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढायचा आणि वादळानंतरच्या रात्रीचा आकडा त्याच्याशी ताडून पाहायचा. निम्म्याखाली आला तर संशय घ्यावा. इथे हमखास फसगत होते. फाईलमध्ये ‘गॅप फिल्ड’ नावाचा थर असतो. ढगाळ रात्रीच्या जागी तो जुन्या चांगल्या रात्रीचा आकडा भरतो. तो वापरला तर अंधारातलं गावही लख्ख दिसतं! न भरलेला थर घ्यावा, ढगांची खूण तपासावी.

उपग्रह येतो रात्री दीडच्या सुमारास. सातला गेलेली लाईन अकराला आली तर त्याला पत्ताही लागत नाही. दीडला घरं झोपलेली असतात, उरतात खांबांवरचे दिवे. ते सौर असले तर लाईन नसतानाही जळतात. त्यात चौकट सुमारे 500 मीटरची, म्हणजे अख्खं गावठाण एका-दोन चौकटींत मावतं. कृषी फीडर बंद पडला तर काहीच कळत नाही, कारण मोटारपंप उजेड देत नाही.

उलट मेळघाट-गडचिरोलीकडे उन्हाळ्यातले वणवे नको तो उजेड दाखवतात. त्याच कॅमेऱ्याची 375 मीटरची आगीची नोंद वेगळी मिळते. त्या रात्री तिथे आग दिसली तर ती चौकट हिशेबातून काढून टाकावी.